रेडस्टोनमध्ये लॉजिक सर्किट शिकायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: माइनक्राफ्ट गेममध्ये रेडस्टोन, म्हणजे सिग्नलवर चालणारे पार्ट, वापरून व्हिडिओ बघत पिस्टनचे दरवाजे, ऑटोमॅटिक फार्म वगैरे सगळं बनवता येतं, पण स्वतःचं कॅल्क्युलेटर बनवायला घेतलं की एकेकटं गेट (ऑन-ऑफ इनपुटवरून ऑन-ऑफ उत्तर काढणारं छोटं सर्किट) नीट चालतं आणि दोन-तीन गेट जोडली की काहीतरी भलतंच पेटतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं नाही, तर आधी ते शिकावं लागेल का, आणि मोबाईलवरच्या बेडरॉक एडिशनवर हे सगळं जमेल का?

इलेक्ट्रॉनिक्स शिकायची अजिबात गरज नाही. व्होल्टेज, करंट, रेझिस्टर यातलं रेडस्टोनमध्ये काहीच नसतं, इथे फक्त 0 ते 15 एवढी सिग्नलची ताकद असते आणि वेळ असतो. खरी अडचण वेगळी आहे. व्हिडिओ बघून गेटचं चित्र पाठ होतं, कुठला ब्लॉक कुठे ते लक्षात राहतं, पण तो ब्लॉक तिथे का आहे ते कळलेलं नसतं, त्यामुळे शेजारी दुसरं काही आलं की काय बिघडणार हे आधी दिसत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की गेट पाठ करूच नका, पार्ट कसे वागतात ते पक्कं करा, गेट तुमची तुम्ही काढाल.

पार्ट तरी किती, चारच. डस्ट, टॉर्च, रिपीटर, कम्पॅरेटर. पिस्टन, ऑब्झर्व्हर, टार्गेट ब्लॉक हे सगळं नंतर. डस्ट सिग्नल नेते, दर ब्लॉकला ताकद 1 ने कमी होते म्हणून 15 ब्लॉकनंतर संपते, आणि डस्टला वेळ लागत नाही, सिग्नल त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला पोचतो. टॉर्च ज्या ब्लॉकवर लावलेली आहे तो ब्लॉक पॉवर झाला की विझते, म्हणजे उलटं करते, आणि त्याला 1 रेडस्टोन टिक घेते. गेम सेकंदाला 20 गेम टिक चालतो, रेडस्टोन टिक म्हणजे त्यातले 2, म्हणजे 0.1 सेकंद. रिपीटर सिग्नल परत 15 करतो, एकाच दिशेने जाऊ देतो, आणि 1 ते 4 टिक उशीर लावतो. कम्पॅरेटर मागून आलेल्या सिग्नलची बाजूच्या सिग्नलशी तुलना करतो किंवा वजाबाकी करतो. एवढ्यावर आख्खा प्रोसेसर बनतो, लोकांनी बनवलेत.

आता तुमचं जोडल्यावर का बिघडतं ते. यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं, आणि पहिलं सगळ्यात जास्त छळतं.

पहिलं कारण ब्लॉकमधून भलतीकडे शिरणारी पॉवर. एक नॉर गेट घ्या. एक साधा ब्लॉक, त्याच्या डावीकडून ए ची डस्ट येऊन टेकलेली, उजवीकडून बी ची डस्ट, आणि समोरच्या बाजूला टॉर्च. ए किंवा बी कुठलाही ऑन झाला की ब्लॉक पॉवर होतो, टॉर्च विझते. दोन्ही ऑफ असतील तरच टॉर्च पेटलेली. मस्त चालतं. मग तुम्ही हे मोठ्या सर्किटमध्ये नेता, ए ची लाईन लांबून येते म्हणून ब्लॉकला चिकटून एक रिपीटर लावता, आणि अचानक बी ची लाईनसुद्धा आपोआप पेटायला लागते. बी च्या लाईनवर दुसरं काही लटकलेलं असेल तर तेही पेटतं आणि माणूस तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो. कारण असं की डस्ट ब्लॉकला कमजोर पॉवर देते, ज्याच्यावर टॉर्च विझते, लॅम्प लागतो, रिपीटर चालतो, पण शेजारची डस्ट पेटत नाही. रिपीटर मात्र ब्लॉकला जोरदार पॉवर देतो आणि तसा ब्लॉक त्याला टेकलेल्या सगळ्या डस्टला पेटवतो, म्हणजे ए चा सिग्नल ब्लॉकमधून पलीकडे जाऊन बी मध्ये उलटा शिरला. उपाय सोपा आहे, रिपीटर आणि ब्लॉकच्या मध्ये एक डस्ट ठेवा, किंवा बी च्या बाजूलाही रिपीटर लावा म्हणजे तिकडून मागे काही जाणारच नाही. हा कमजोर-जोरदार फरक ज्याला हातात बसला त्याची निम्मी बिघाडं कमी होतात, त्यामुळे आज बाकी काही केलं नाहीत तरी हे एक नॉर गेट बनवून दोन्ही प्रकारे बघाच.

याच प्रकारातली अजून एक गोष्ट म्हणजे डस्टची दिशा. ब्लॉकच्या अंगावर जाऊन संपणारी डस्ट त्याला पॉवर देते, ब्लॉकच्या बाजूने सरळ निघून जाणारी देत नाही. पण त्या सरळ जाणाऱ्या लाईनशेजारी तुम्ही नवीन काही ठेवलं की डस्ट तिकडे वळू शकते आणि आधी चालणारं बंद पडतं. म्हणून सुरुवातीला सगळं ऐसपैस बांधा, दोन लाईनमध्ये रिकामी जागा सोडा, आणि प्रत्येक सिग्नलखाली वेगळ्या रंगाचं काँक्रीट किंवा लोकर घाला. रंग 16 आहेत, पुरतात. छोटं, दाटीवाटीचं डिझाईन दिसायला भारी असतं पण शिकायला अगदी वाईट, कारण त्यात एकेक ब्लॉक तीन-तीन कामं करत असतो.

दुसरं कारण ताकद. साध्या टॉर्चच्या गेटमध्ये ताकद किती याने फरक पडत नाही, 1 असो नाहीतर 15, ऑन तो ऑन. कम्पॅरेटर आला की पडतो. एक्सऑर गेट, म्हणजे दोघांपैकी नेमका एक ऑन असेल तरच पेटणारं, बहुतेक लोक दोन कम्पॅरेटर वजाबाकी मोडमध्ये ठेवून करतात, एकात ए वजा बी, दुसऱ्यात बी वजा ए, आणि दोन्हीचे आउटपुट एकत्र. दोन्ही ऑन असले की 15 वजा 15, शून्य, आउटपुट ऑफ, बरोबर. पण ए ची लाईन दोन ब्लॉक लांब असली तर कम्पॅरेटरला 13 आणि 15 मिळतात, एकीकडे शून्य येतं आणि दुसरीकडे 2 उरतात, आणि 2 म्हणजेसुद्धा ऑनच. बघणाऱ्याला वाटतं एक्सऑर चुकीचं बनवलंय, तर एक्सऑर बरोबर असतं, लाईन कमी-जास्त असतात. कम्पॅरेटरच्या तोंडाशी दोन्ही लाईनवर रिपीटर टाका, दोन्ही 15 होतात. जावा एडिशनमध्ये, म्हणजे गेमच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत, एफ3 दाबून डस्टकडे बघितलं की स्क्रीनच्या उजवीकडे त्या डस्टची पॉवर आकड्यात दिसते, अंदाज लावत बसू नका, आकडा वाचा.

तिसरं कारण वेळ, आणि हे एकेकट्या गेटमध्ये कधीच दिसत नाही म्हणून लोक याच्याकडे सगळ्यात उशिरा येतात. टॉर्चवालं एक्सऑर स्वतः काढून बघा म्हणजे समजेल. एक्सऑर म्हणजे "दोघांपैकी एक तरी ऑन, पण दोन्ही नाही". "एक तरी ऑन" म्हणजे ऑर, ते नुसत्या डस्ट जोडून होतं, शून्य टिक. "दोन्ही नाही" म्हणजे नँड, ते दोन टॉर्चनी होतं, 1 टिक. या दोन उत्तरांचं अँड केलं की एक्सऑर. आता ए आणि बी दोन्ही एकदम ऑफचे ऑन करा. ऑर लगेच ऑन झालं, नँडला मात्र अजून जुनीच बातमी आहे, तो 1 टिक ऑनच राहणार, म्हणजे तेवढ्या वेळापुरत्या दोन्ही लाईन ऑन आहेत आणि एक खोटा पल्स, म्हणजे क्षणभराचा सिग्नल, पुढे निसटू शकतो. पुढे लॅम्प असेल तर तुम्हाला कदाचित कळणारही नाही, पण पुढे मेमरी असेल तर ती तो खोटा पल्स पकडून ठेवते आणि मग चुकीचं उत्तर कायमचं दिसत राहतं. ऑरच्या लाईनवर 1 टिकचा रिपीटर टाकला की दोन्ही बातम्या एकदम पोचतात. म्हणून प्रत्येक गेटच्या शेजारी साईन लावून त्यावर किती टिक लागतात ते लिहून ठेवायची सवय लावा, आणि दोन लाईन जिथे एकत्र येतात तिथे दोन्हीकडची बेरीज सारखी आहे का बघा.

वेळ डोळ्यांनी बघायची असेल तर जावामध्ये 1.20.3 पासून, म्हणजे डिसेंबर 2023 पासून, टिक कमांड आली आहे आणि शिकणाऱ्यासाठी तिच्यासारखी दुसरी सोय नाही. टिक फ्रीझ दिलं की गेम गोठतो, तुम्ही मात्र फिरू शकता. लिव्हर ओढा, डस्ट तिथल्या तिथे पेटेल कारण तिला वेळ लागतच नाही, पण टॉर्च आणि रिपीटर थांबून राहतील. मग टिक स्टेप 2 दिलं की एक रेडस्टोन टिक पुढे. असं एकेक पाऊल टाकत आख्ख्या सर्किटमधून सिग्नल कसा सरकतो ते बघता येतं, कुठल्या टिकला कोण उशिरा आलं ते लगेच सापडतं. आधी आम्ही हे सगळं कागदावर टिक मोजून करायचो.

शिकायचा क्रम कसा ठेवायचा, तर क्रिएटिव्हमध्ये सपाट वर्ल्ड घ्या, जावात रेडस्टोन रेडी नावाचा प्रीसेट असतोच, आणि काही दिवस फक्त टॉर्च आणि डस्ट एवढंच वापरा. कम्पॅरेटर मुद्दाम बाजूला. नॉट, ऑर आणि नॉर येतंय एवढ्यावर बाकी सगळी गेट काढता येतात, आणि ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही, अपोलो यानातला गायडन्स कॉम्प्युटर तीन इनपुटच्या नॉर गेटवरच बांधलेला होता. अँड गेट कसं निघतं बघा: "दोन्ही ऑन" म्हणजेच "एकही ऑफ नाही". मग ए उलटा करा, बी उलटा करा, दोन्ही एकत्र जोडा, परत उलटा करा. तीन ब्लॉक ओळीत, कडेच्या दोघांवर वर टॉर्च, मधल्यावर डस्ट, आणि मधल्याच्या अंगाला तिसरी टॉर्च. ए डावीकडच्या ब्लॉकमध्ये, बी उजवीकडच्या ब्लॉकमध्ये. हे तुम्ही व्हिडिओत शंभरदा बघितलं असेल, पण आता त्यातली प्रत्येक टॉर्च काय म्हणतेय ते तोंडाने सांगता आलं पाहिजे. शेवटची टॉर्च काढली तर काय उरेल? नँड. हे न बघता सांगता आलं की पुढे जा.

प्रत्येक गेट बांधायच्या आधी वहीत टेबल काढा, इनपुटच्या प्रत्येक स्थितीला उत्तर काय यायला हवं त्याचं, हे मी अगदी हट्टाने सांगतो. दोन इनपुट म्हणजे चार ओळी, तीन इनपुट म्हणजे आठ. टेबल नसेल तर तुम्ही सर्किट तपासत नसता, नुसतं लिव्हर ओढून बघत असता. 1937 मध्ये क्लॉड शॅनन यांनी एमआयटीतल्या मास्टर्सच्या प्रबंधात हेच दाखवलं होतं की रिले (विजेने चालणारे स्विच) आणि स्विचची जाळी बूलच्या बीजगणिताने, म्हणजे फक्त खरं-खोटं यांच्या गणिताने, लिहिता येते, सोडवता येते, म्हणजे आधी कागदावर छोटं करायचं आणि मग तारा जोडायच्या. रेडस्टोन त्या रिलेच्या जगाच्या खूप जवळचं आहे, त्यामुळे हीच पद्धत इथे जशीच्या तशी चालते.

आता कॅल्क्युलेटरकडे येऊ. बेरीज तुम्हाला पहिलीपासून येते, हातचा घेऊन, बायनरीमध्ये तेच आहे फक्त आकडे दोनच. एका घरात तीन गोष्टी येतात, ए चा बिट (म्हणजे 0 किंवा 1 हा एक आकडा), बी चा बिट आणि मागच्या घरातून आलेला हातचा. तिन्ही 0 तर उत्तर 0. एक ऑन तर 1 लिहायचा, हातचा नाही. दोन ऑन तर 0 लिहायचा, हातचा 1. तिन्ही ऑन तर 1 लिहायचा आणि हातचा 1. लिहायचा बिट म्हणजे ए एक्सऑर बी, आणि त्याचं परत हातच्याशी एक्सऑर. हातचा म्हणजे ए आणि बी दोन्ही ऑन, किंवा दोघांपैकी एक ऑन आणि आलेला हातचाही ऑन. म्हणजे दोन एक्सऑर, दोन अँड, एक ऑर, झाला फुल अ‍ॅडर. एक बांधा, आठही ओळी लिव्हर ओढून तपासा, आठही बरोबर आल्याशिवाय दुसरा कॉपी करू नका, कारण चूक कॉपी झाली की ती आठ ठिकाणी दुरुस्त करावी लागते.

आठ अ‍ॅडर ओळीने जोडले की 8 बिटची बेरीज होते. पण इथे वेळ परत येते. प्रत्येक घर हातचा पुढे द्यायला समजा 4 टिक घेत असेल तर आठव्या घरातून बाहेर पडायला 32 टिक, म्हणजे 3.2 सेकंद, आणि तोपर्यंत दिव्यांवर जे दिसतंय ते अर्धवट उत्तर आहे. इथून पुढे मला हा विषय सगळ्यात आवडतो. नीट बघा, हातच्याचं काय होणार हे प्रत्येक घराला हातचा यायच्या आधीच माहीत असतं! ए आणि बी दोन्ही 1 असतील तर मागून काही येवो न येवो, पुढे हातचा जाणारच. दोन्ही 0 असतील तर मागून आलेला हातचा तिथेच संपणार. आणि एकच 1 असेल तर जे आलं ते तसंच पुढे. म्हणजे "तयार करतो, संपवतो, पुढे देतो" हे तीन निर्णय सगळ्या आठ घरांत एकाच वेळी घेऊन ठेवता येतात, कारण त्यांना फक्त ए आणि बी लागतात. मग उरते फक्त एक हातच्याची लाईन, जी जमेल तितकी डस्टवरून पळवायची कारण डस्टला वेळ लागत नाही. वेगवान रेडस्टोन अ‍ॅडर, ज्याला लोक कॅरी कॅन्सल अ‍ॅडर म्हणतात तो धरून, याच विचारावर उभे आहेत. पण तो पहिल्या दिवशी डाऊनलोड करून लावू नका, आधी हळू अ‍ॅडर बांधा, 3 सेकंद वाट बघा, म्हणजे तो वेगवान का झाला हे तुमचं तुम्हाला कळेल.

तपासायचं कसं? 8 बिटच्या दोन संख्या म्हणजे 65,536 जोड्या, हाताने अशक्य. काही जोड्या मात्र हमखास चूक पकडतात. 0 अधिक 0, काहीही पेटायला नको. 255 अधिक 1, इथे हातचा पहिल्यापासून शेवटच्या घरापर्यंत धावतो, मधली कुठलीही तार तुटली असेल तर कळते. 170 अधिक 85, ही एकाआड एक बिटची जोडी आहे, उत्तर 255 आणि एकाही घरात हातचा नाही, त्यामुळे शेजारच्या दोन लाईन एकमेकांत गळत असतील तर इथे दिसतात. आणि 255 अधिक 255, उत्तर 510, नववा दिवाही लागला पाहिजे.

वजाबाकीसाठी वेगळं मशीन बांधायची गरज नाही. बी च्या प्रत्येक बिटच्या वाटेत एक एक्सऑर टाका, सगळ्यांचा दुसरा इनपुट एकाच लिव्हरला जोडा, आणि तीच लिव्हर पहिल्या घरातल्या हातच्यालाही जोडा. लिव्हर ऑफ, बेरीज. लिव्हर ऑन, बी चे सगळे बिट उलटे आणि वर 1, म्हणजे वजाबाकी. तिथे शेवटी बाहेर येणारा हातचा उत्तरात धरू नका, ए मोठा किंवा बी एवढाच असेल तर तो पेटतो, बी मोठा असेल तर नाही, म्हणजे लहान-मोठं तपासायची सोयही त्यातच मिळाली.

मेमरी त्यानंतर. दोन नॉर एकमेकांना उलटसुलट जोडले की आरएस लॅच होतो, एक बटण लावतं, एक पुसतं, दोन्ही एकदम दाबायची नाहीत कारण सोडल्यावर काय राहील यावर भरवसा ठेवता येत नाही. तो एकदा हाताने बांधा, पण रोजच्या वापराला रिपीटर लॉक करणं उत्तम, एका रिपीटरच्या बाजूने दुसरा पेटलेला रिपीटर टेकवला की पहिला आहे त्या स्थितीत गोठतो, म्हणजे एका ब्लॉकमध्ये एक बिट. असे आठ ठेवले की तुमचं उत्तर साठवायचं रजिस्टर तयार. लॉक उघडायचा पल्स अ‍ॅडरचं उत्तर स्थिर झाल्यावरच द्यायचा, वरचे साईनवर लिहिलेले टिक इथे कामाला येतात. पल्स फार छोटा पडत असेल तर त्याला 4 टिकच्या रिपीटरमधून जाऊ द्या, त्याच्या उशिरापेक्षा छोटा पल्स तो 4 टिकचा करून देतो. आणि क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळाने पल्स देत राहणारं सर्किट, लागला तर रिपीटरचा घ्या, टॉर्चचा झटपट क्लॉक करायला गेलात तर टॉर्च जळते, 60 गेम टिकमध्ये आठपेक्षा जास्त वेळा बदलायला लावलं की जावामध्ये ती काही वेळ बंद पडते, आणि नवीन माणसाला वाटतं गेममध्येच बग आहे.

राहिला मोबाईलचा प्रश्न. बेडरॉकवर वरचं सगळं जमतं, कारण डस्ट, टॉर्च, रिपीटर, कम्पॅरेटर यांचं मूळ वागणं दोन्हीकडे तेच आहे. फरक पडतो पिस्टनमध्ये. जावामध्ये पिस्टनच्या वरच्या रिकाम्या जागेला पॉवर मिळत असेल तरी पिस्टन चालतो, बेडरॉकवर नाही, आणि छोट्या पल्सवर स्टिकी पिस्टन ब्लॉक सोडून देतो तेही जावातच, त्यामुळे जावाचे पिस्टनवाले फ्लिप-फ्लॉप (दर पल्सला ऑन-ऑफ बदलणारी सर्किट) कॉपी केलेत तर चालणार नाहीत. म्हणून लॉजिकमध्ये पिस्टन घालूच नका. ऑन-ऑफ टॉगल पाहिजे असेल तर 1.21 पासून कॉपर बल्ब आहे, पल्स आला की स्थिती बदलतो आणि कम्पॅरेटरने वाचता येतो. एफ3 तिकडे नाही, तर सिग्नलची ताकद बघायला त्या जागेतून बाजूला डस्टची रेघ काढायची आणि उजेड कितव्या ब्लॉकपर्यंत जातो ते मोजायचं, काम झालं की रेघ काढून टाकायची, नाहीतर तीच उद्या कुठल्यातरी ब्लॉकला पॉवर देत बसते.